वेरूळचे कैलास ‘बिल्ट’ म्हणावे का? लेण्यांच्या इंग्रजी वर्णनाविषयी

सातमाळा (चर्चाप्रस्ताव) :

आपल्याकडील लेण्यांविषयी इंग्रजीत लिहिताना दोन शब्द सर्रास येतात : नाम म्हणून ‘केव्ह’ आणि क्रियापद म्हणून ‘बिल्ट’. माझ्या मते दोन्ही शब्द वाचकाची दिशाभूल करतात, आणि ही दिशाभूल किरकोळ नाही.

‘केव्ह’ म्हटल्यावर परक्या वाचकाच्या मनात निसर्गाने तयार केलेली पोकळी येते. भीमबेटका येथे खरोखरच निसर्गनिर्मित आसरे आहेत आणि जागतिक वारशाच्या यादीत त्यांना ‘रॉक शेल्टर्स’ असे स्वतंत्र नाव २००३ मध्ये मिळाले. अजिंठा आणि वेरूळ मात्र १९८३ पासून त्याच यादीत ‘केव्ह्ज’ म्हणून नोंदलेले आहेत. वेरूळच्या ३४ लेण्यांमध्ये बौद्ध विहार आहेत, हिंदू मंदिरे आहेत, जैन मंदिरे आहेत. अखंड बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरलेल्या या वास्तूंना गुहा म्हणणे म्हणजे कारागिरांचे श्रम डोंगराच्या नावावर जमा करणे होय.

‘बिल्ट’मुळे याच्या उलट चूक होते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास मंदिर ‘बांधले गेले’ असे इंग्रजी माहितीपत्रकांत वाचायला मिळते. प्रत्यक्षात डोंगराला तीन बाजूंनी खोल चर पाडून मधला कातळ सुटा केला गेला आणि तो वरून खाली कोरत आणला गेला. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद अशा त्या प्रांगणात मंदिर एकावर एक दगड रचून उभे राहिलेले नाही. बांधकामात पाया आधी आणि शिखर शेवटी. येथे शिखर आधी आणि जोते शेवटी. जे क्रियापद हा क्रम झाकून टाकते ते या वास्तूचे सर्वांत मोठे वैशिष्ट्यच झाकते. म्हणून ‘केव्ह’च्या जागी ‘रॉक-कट टेम्पल’ किंवा ‘रॉक-कट मॉनेस्टरी’, आणि ‘बिल्ट’च्या जागी ‘कार्व्ह्ड’ किंवा ‘एक्सकॅव्हेटेड’ हेच शब्द वापरावेत, असे माझे मत आहे.

वाघूर (प्रतिसाद) :

आपली तळमळ पोचली, परंतु निष्कर्ष मान्य नाही. बिहारमधील बराबर टेकड्यांत अशोकाने आजीवकांना (त्या काळच्या एका संन्यासी पंथाला) दिलेली दालने पूर्णपणे मानवनिर्मित आहेत, त्यांच्या भिंतींना आरशासारखी झिलई आहे. तरीही त्याच्या शिलालेखात त्यांना ‘कुभा’, म्हणजे गुहाच, म्हटले आहे. ज्यांनी ती कोरवून घेतली त्यांनाच या शब्दात कारागिरांचा अवमान दिसला नाही, तर तो आपण इंग्रजी शब्दात का शोधावा?

दुसरे म्हणजे शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. लेण्यांचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४५ च्या ग्रंथाच्या नावात ‘रॉक-कट टेम्पल्स’ असे शब्द वापरले होते, आणि त्यांनीच बर्जेस यांच्यासह १८८० मध्ये जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या नावात ‘केव्ह टेम्पल्स’ आले. या विषयाचा पाया घालणाऱ्या विद्वानाला दोन्ही शब्द चालत होते. चीनमधील मोगाओ येथील मानवनिर्मित दालनांनाही जागतिक वारशाच्या यादीत ‘केव्ह्ज’ म्हणतात आणि त्यामुळे कोणी ती निसर्गनिर्मित समजत नाही. लेण्यांचे क्रमांक, अभ्यासकांचे संदर्भ, वाटेवरील फलक हे सर्व ‘केव्ह १’, ‘केव्ह २६’ असेच चालते. ते मोडून नवी परिभाषा आणल्यास सामान्य प्रवाशाची केवळ अडचण होईल.

मुद्रितशोधक (प्रतिसाद) :

नामाचा वाद आपण दोघे मिटवालच. माझा आक्षेप क्रियापदाविषयी आहे आणि तो सातमाळा यांच्या पर्यायांवर आहे. ‘अजंता वॉज एक्सकॅव्हेटेड इन द फिफ्थ सेंच्युरी’ हे वाक्य अभ्यासकाला स्वच्छ कळते. सामान्य वाचक मात्र त्या क्रियापदाचा अर्थ पुरातत्त्वीय उत्खनन असा घेतो, म्हणजे गाडले गेलेले काहीतरी पाचव्या शतकात उकरून काढले असा त्याचा समज होतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठा पडल्याची हकिकत त्याच परिच्छेदात आली, तर गोंधळ दुप्पट होतो. ‘कार्व्ह्ड’ त्यामानाने निर्धोक आहे, परंतु त्याने मूर्तिकामाची आठवण होते. चाळीसेक मीटर लांबीच्या सभागृहाचा आवाका त्या शब्दात मावत नाही.

शिवाय ‘बिल्ट’ सर्वस्वी खोटे आहे असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत आणि त्या मूळच्या आहेत. त्या सुतारांनी बसवल्या, कोरल्या नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर माती आणि चुन्याचा गिलावा चढवला म्हणूनच चित्रे उभी राहिली. कोरणे, जोडणे, लिंपणे, रंगवणे या सर्व कामांना कवेत घेणारा शब्द हवा असेल, तर ‘बिल्ट’ किंवा त्याहून बरे म्हणजे ‘मेड’ का चालू नये? नाशिकच्या लेण्यात उषवदात या दात्याच्या शिलालेखात लेणे ‘कारितं’, म्हणजे करविले, इतकेच म्हटले आहे. खोदणे की बांधणे, या प्रश्नात तो शिरतच नाही.

सातमाळा (प्रतिसाद) :

वाघूर, शिलालेखांचीच साक्ष काढायची तर ती पुरती काढू. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपल्या दानाला ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटले आहे आणि जंबुद्वीपात ते उत्तम असल्याचा अभिमानही नोंदवला आहे. सह्याद्रीतल्या दात्याला ते कातळातील घर वाटत होते. मगधातला ‘कुभा’ हा शब्द त्याने उचलला नाही. ‘रॉक-कट’ ही त्याच दृष्टीची इंग्रजी अभिव्यक्ती आहे आणि फर्ग्युसन यांच्या १८४५ च्या ग्रंथामुळे ती नवीही ठरत नाही.

मोगाओचे उदाहरण खरे आहे. परंतु इथिओपियातील लालिबेला येथील चर्चवास्तू १९७८ मध्ये त्याच यादीत ‘रॉक-ह्यून चर्चेस’ (कातळातून तासून काढलेली चर्च) या नावाने गेल्या आणि बांधणीच्या रीतीने कैलासाशी खरे नाते त्यांचेच आहे. तेथील सेंट जॉर्ज चर्च कैलासाप्रमाणेच सभोवताली चर खणून, वरून खाली, एकाच कातळातून काढलेले आहे. त्यांना त्यांची रीत सांगणारे नाव मिळाले आणि कैलासाच्या वाट्याला ‘केव्ह १६’ आले, ही विषमता मला खुपते. कैलास मोकळ्या आकाशाखाली उभे आहे. त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालता येते. इंग्रजी भाषेच्या कोणत्याही नियमाने ती गुहा ठरत नाही.

मुद्रितशोधक, ‘एक्सकॅव्हेटेड’विषयीची आपली शंका रास्त आहे. त्यामुळे तो शब्द एकटा न वापरता ‘कट फ्रॉम द लिव्हिंग रॉक’ (जागच्या अखंड कातळातून कोरलेले) किंवा ‘ह्यून आउट ऑफ द क्लिफ’ अशी रचना करावी. तिच्यात काळाचा घोटाळा होत नाही आणि आवाकाही कळतो. ‘मेड’ मात्र फार फिके आहे. इ.स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात म्हटले आहे की, कैलास मंदिर पाहून देवांनाही ते मानवनिर्मित न वाटता स्वयंभू वाटले, आणि ज्याने ते घडवले तो स्थपतीही हे आपल्या हातून कसे घडले म्हणून विस्मित झाला. निर्मितीनंतर काही दशकांतच समकालीनांना जे आश्चर्य शब्दांत पकडावेसे वाटले, ते आपण एका साध्या ‘मेड’मध्ये विरू द्यावे, हे मला पटत नाही.

वाघूर (प्रतिसाद) :

कैलासापुरते मी मान्य करतो. ते गुहा नाही, आणि प्रवाशासाठी लिहिताना ‘कैलास टेम्पल’ हे नाव आधी येऊन क्रमांक त्याच्या मागे यावा. महाबळीपुरमच्या, कातळातून कोरलेल्या पंचरथ मंदिरांना कोणी ‘केव्ह’ म्हणत नाही, तर यालाही म्हणू नये. मात्र डोंगराच्या पोटात शिरणाऱ्या अजिंठ्याच्या विहारांना ‘केव्ह’ म्हणण्यात मला आजही दोष दिसत नाही, विशेषतः पहिल्या ओळीत ते माणसांनी कोरले आहेत असे स्पष्ट लिहिले असेल तर. लालिबेलाचा दाखला कैलासाला लागू पडतो. तो अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यापर्यंत ताणता येणार नाही.

मुद्रितशोधक (प्रतिसाद) :

‘ह्यून’ मला पसंत आहे, फक्त कार्ल्याविषयी लिहिताना त्यापुढे लाकडी फासळ्यांसाठी वेगळे वाक्य घालावे आणि तेथे ‘फिटेड’ हे क्रियापद वापरावे. कातळ कोरणारे आणि लाकूड बसवणारे हात निराळे होते, ते वर्णनातही निराळेच दिसावेत.