चांदीवर तांब्याची पट्टी जोडताना काठच मुरला

तांबडी_तार:
दीड वर्ष चांदीकाम शिकतेय. गंजक्या लोखंडी फाटकावरून पावसात तांबूस ओघळ उतरतात ना, ते बघून एक पदक काढलं. 925 चांदीचा पत्रा, वर तांब्याच्या तीन पट्ट्या. कापून, कानशीने बसवण्यात चार संध्याकाळी गेल्या. दोन पट्ट्यांना डाग (सोल्डरचा सांधा) छान लागला. तिसरीला सोल्डर चमकलं, मी ज्योत श्वासभर जास्त धरली आणि पट्टीचा काठ चक्क चांदीत मुरला! तांबं वितळतं 1085 अंशांना, चांदी 962 ला, आणि पत्रा तर नुसता लाल झाला होता. वर डागानंतर मळ काढायच्या आम्लातून काढलं तर अख्खी चांदी गुलाबी. मोडीत काढू का?

जुनी_एरण:
ते आकडे सुट्या धातूंचे. दोघं तापून एकमेकांना भिडले की शिवेवर त्यांचा मिश्रधातू होतो. साधारण 72 भाग चांदी आणि 28 भाग तांबं जुळलं, की तो 779 अंशांनाच पाणी होतो. हार्ड सोल्डर, म्हणजे जास्त तापल्यावर सुटणारं, वाहतं तेही त्याच्याच आसपास, म्हणजे तुझं सोल्डर आणि शीव जवळजवळ एकदमच सुटली. मीडियम किंवा ईझी घे, ती कमी तापावर वाहतात. ज्योत मोठी आणि मऊ ठेव, पट्टीवर रोखू नकोस, पत्रा खालून तापव. चमक दिसली रे दिसली की मागे. मी टोकदार ज्योत एकाच जागी धरायचो, त्यात कानातल्यांचे तीन जोड घालवलेत.

गुलाबीचं कारण चिमटा. आम्लात लोखंड गेलं की त्यात विरघळलेलं तांबं चांदीवर येऊन बसतं. तांब्याचा नाहीतर प्लास्टिकचा चिमटा वापर. हा थर काढायला आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, पण ते तुझ्या पट्ट्याही खाईल. त्यापेक्षा ओली प्युमिस पावडर आणि ब्रश. हात दुखतील, इलाज नाही.

राखुंडी:
मोडीत कशाला? गंजाचा ओघळ कधी सरळ कडेचा पाहिलायस? जपानी मोकुमे-गाने बघ, 17व्या शतकापासूनचं काम. वेगवेगळ्या धातूंचे थर वितळू न देता दाबून-तापवून एकजीव करायचे, मग कोरून आणि ठोकून लाकडासारख्या रेषा काढायच्या. तुझ्या त्या शिवेशी ते लोक मुद्दाम खेळतात, फक्त जरा अलीकडे थांबतात. शेवटी लिव्हर ऑफ सल्फरचं (धातू काळवंडवणारं गंधकाचं रसायन) अगदी पातळ पाणी दे. तांबं आधी काळवंडतं, चांदी मागे राहते. तेवढ्यात उचल.

तांबडी_तार:
एरणदादा, चिमटा प्लास्टिकचाच होता. पण पट्ट्या जागेवर राहाव्यात म्हणून गुंडाळलेली बारीक लोखंडी तार सोडायची राहिली आणि पदक तसंच आम्लात गेलं. आत्ता भांड्याच्या तळाशी सापडली, तांब्याने माखलेली! गुलाबी बरंचसं घासून गेलंय. मुरलेला काठ ठेवते. उरलेल्या दोन पट्ट्याच आता पट्टीने आखल्यासारख्या दिसतायत, त्यांच्या कडा कानशीने मोडायला बसलेय.