डिस्नेलँड नक्की कधी उघडणार? डिसेंबरचे आरक्षण ठेवावे की रद्द करावे?

प्रश्न: अर्धी_बॅग, २४ ऑक्टोबर २०२०

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीत कॅलिफोर्नियात अनाहाइमला जाऊन मुलांना डिस्नेलँड दाखवायचे, हे गेल्या वर्षीच ठरले होते. १४ मार्चला कोरोनामुळे पार्क बंद झाले तेव्हा फारसे वाईट वाटले नाही, कारण सगळेच जग घरात बसले होते आणि पार्क महिनाअखेरपर्यंतच बंद राहील असे तेव्हा सांगण्यात आले होते. खरा मनस्ताप पुढे सुरू झाला. १० जूनला पार्क १७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने उघडण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. तो डिस्नेलँडचा पासष्टावा वर्धापनदिन, त्यामुळे ही तारीख काही हलणार नाही असे वाटून आम्ही जुलैअखेरचे हॉटेल आणि विमान दोन्ही आरक्षित केले. २४ जूनला तीच तारीख मागे घेण्यात आली. राज्याची नियमावली ४ जुलैनंतरच येणार असल्याचे कारण देण्यात आले. नवी तारीख मात्र दिली गेली नाही. ज्या संकेतस्थळावरून हॉटेल घेतले होते, त्यांनी पैसे परत करण्याऐवजी तारीख बदलून घेण्याचा आग्रह धरला, म्हणून आम्ही नाताळच्या सुट्टीतले दिवस घेतले.

आणि आता २० ऑक्टोबरला नियमावली आली आहे. ती मी दोनदा वाचली, तरी पार्क डिसेंबरमध्ये उघडणार की नाही, याचा सरळ अर्थ मला लावता आलेला नाही.

आमच्या घरची अडचण थोडी निराळी आहे. थोरलीने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारून आपली उंची नोंदवली आहे. मार्चमध्ये ती चाळीस इंचांच्या खाली होती. आता रेघ चाळीसच्या वर गेली आहे, म्हणजे स्पेस माउंटन आणि बिग थंडर या झोकदार खेळांत ती बसू शकते, आणि हे तिला पाठ आहे. धाकटा फेब्रुवारीत तीन वर्षांचा होईल. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे सहल वसंत ऋतूवर ढकलली तर त्याचेही तिकीट काढावे लागेल. पैशांपेक्षा अधिक त्रास होतो तो दर पंधरवड्याला मुलांना नवे उत्तर देण्याचा. पार्क वर्षभर बंद राहील असे कोणी ठामपणे सांगितले असते, तर आम्ही निमूटपणे दुसरे काही ठरवले असते.

तर प्रश्न असा, की डिसेंबर ठेवावा, मार्चवर ढकलावे, की सरळ फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कला जावे?

उत्तर: काटेकोर, २४ ऑक्टोबर २०२०

नमस्कार ताई. नियमावलीत तारीख नसून निकष आहे, म्हणून उत्तर मिळत नाही असे वाटते. निकषावरून हिशेब मांडला तर डिसेंबरचे उत्तर बरेच स्पष्ट आहे.

कॅलिफोर्नियाने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, रुग्णसंख्येनुसार चार रंगांत बसवले आहे: जांभळा, लाल, नारिंगी आणि पिवळा. डिस्नेलँडसारखे मोठे पार्क काउंटी पिवळ्या टप्प्यात आल्यावरच उघडू शकेल, आणि तेव्हाही एकूण क्षमतेच्या २५ टक्केच लोकांना प्रवेश मिळेल. पिवळ्या टप्प्यासाठी रोज दर लाख लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी नवे रुग्ण आणि चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांखाली असावे लागते. डिस्नेलँड ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिची लोकसंख्या सुमारे ३२ लाख आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या काउंटीत दिवसाला सरासरी ३२ सुद्धा नवे रुग्ण सापडता कामा नयेत. सध्या ती लाल टप्प्यात आहे, आणि लाल टप्प्याची खालची मर्यादाच दर लाखामागे ४ आहे. म्हणजे रोजचे सव्वाशे रुग्ण तरी झालेच.

आता वेळेचा हिशेब पाहा. पुढच्या टप्प्यात जाण्यासाठी सलग दोन आठवडे त्या टप्प्याचे आकडे दाखवावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यात किमान तीन आठवडे काढावे लागतात. उद्यापासून सर्व काही मनासारखे घडले, तरी लालवरून नारिंगीत आणि नारिंगीतून पिवळ्यात येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. त्यानंतर घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना परत बोलावणे, त्यांचे प्रशिक्षण, यंत्रांच्या चाचण्या. फ्लोरिडातील पार्कची योजना २७ मे रोजी मांडली गेली आणि दरवाजे ११ जुलैला उघडले, म्हणजे तयारीलाच साधारण सहा आठवडे गेले. त्यात हिवाळा तोंडावर आहे आणि देशभर रुग्ण कमी होण्याऐवजी वाढत आहेत.

डिसेंबर विसरा. मार्चचीही आशा मी धरणार नाही.

उत्तर: अनाहाइमचा_शेजारी, २५ ऑक्टोबर २०२०

काटेकोर यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो निकष मुळात योग्य आहे का, हेही विचारले पाहिजे. लाल टप्प्यात मॉल निम्म्या क्षमतेने उघडे आहेत आणि उपाहारगृहांत आत बसून जेवता येते. पार्कच्या दारातील डाउनटाउन डिस्ने हा खरेदीचा भाग ९ जुलैपासून सुरू आहे. तिथे लोक मास्क लावून फिरतात, तापमान तपासून आत सोडले जातात. तिथून काही पावलांवर असलेले, बहुतांशी उघड्या आकाशाखालचे पार्क मात्र बंद. पंधरा हजारांपर्यंत क्षमता असलेल्या छोट्या पार्कना नारिंगी टप्प्यात परवानगी आहे. पण तीही केवळ बाहेरच्या खेळांपुरती, त्याच काउंटीतील रहिवाशांसाठी आणि जास्तीत जास्त पाचशे लोकांसाठी. पाचशे तिकिटांत कोणत्या पार्कचा वीजखर्च निघेल?

आमच्या भागातील स्थिती ताईंच्या सहलीपेक्षा गंभीर आहे. पार्कजवळच्या हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावरची हॉटेले बघवत नाहीत. वाहनतळांत ओळीने रिकाम्या जागा आणि कित्येक इमारतींत एखाद-दुसऱ्याच खिडकीत दिवा. २९ सप्टेंबरला डिस्नेने देशभरातील पार्कशी निगडित विभागांतून २८,००० जणांना कमी करत असल्याचे जाहीर केले, त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अर्धवेळ काम करणारे आहेत. माझ्या शेजाऱ्यांपैकी कोणाचे कोणी ना कोणी त्यात आहे. सावधगिरीला माझा विरोध नाही, पण फ्लोरिडातील पार्क उघडून तीन महिने उलटले असताना त्या अनुभवाकडे पाहून निकष ठरवायला हरकत नव्हती.

उत्तर: ऑरलँडोनिवासी, २५ ऑक्टोबर २०२०

फ्लोरिडाचा विषय निघालाच आहे, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले लिहिते. आधी एक इशारा: ऑरलँडो ज्या काउंटीत आहे तिचेही नाव ऑरेंज काउंटीच आहे. त्यामुळे ‘ऑरेंज काउंटीत पार्क सुरू’ अशी बातमी कोणी पाठवली तर ती कोणत्या किनाऱ्याची आहे ते आधी पाहावे. आमच्या नातेवाइकांच्या गटात यावरून एकदा फुकटचा जल्लोष झाला होता.

इथे युनिव्हर्सल हे दुसऱ्या कंपनीचे पार्क ५ जूनला उघडले. वॉल्ट डिस्ने वर्ल्डची मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम ही दोन पार्क ११ जुलैला, तर एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज १५ जुलैला सुरू झाली. मात्र तिकीट असले म्हणजे प्रवेश मिळतो असे आता नाही. तिकिटाखेरीज त्या त्या दिवसाचे आणि त्या त्या पार्कचे वेगळे आरक्षण घ्यावे लागते, आणि एका दिवसात एकाच पार्कमध्ये जाता येते. दोन वर्षांवरील प्रत्येकाला मास्क बंधनकारक आहे. खायचे-प्यायचे असेल तर एका जागी, इतरांपासून दूर उभे राहून किंवा बसून. चालता चालता पाण्याचा घोट घेण्यासाठी मास्क खाली केला तरी कर्मचारी नम्रपणे थांबवतात. तुमचा धाकटा तीनच्या आसपास आहे, तेव्हा दिवसभर त्याच्या तोंडावर मास्क टिकेल का, याचा विचार आधी घरी करून ठेवा.

रात्रीची आतषबाजी बंद आहे. मोठी मिरवणूक नाही. तिच्याऐवजी अधूनमधून एखादा छोटा रथ न सांगता येतो आणि जातो. आवडत्या पात्रांना मिठी मारणे, त्यांची सही घेणे हे सगळे बंद; ती लांबूनच हात हलवतात. रांगा जमिनीवरच्या खुणांमुळे पार बाहेरपर्यंत लांबतात, पण पुढे भराभर सरकतात. मला स्वतःला ही शांतता आवडली. पण ज्यांना पहिल्या भेटीतच सगळे हवे आहे, त्यांचा विरस होईल. थोरलीला केवळ झोकदार खेळांचे वेड असेल तर फ्लोरिडात तिचे समाधान होईल. राजकन्येला भेटायचे असेल तर थांबा.

उत्तर: काटेकोर, २६ ऑक्टोबर २०२०

शेजारी यांचा संताप मला समजतो. छोट्या पार्कना घातलेली पाचशेची मर्यादा मलाही विचित्र वाटते. परंतु मॉलशी केलेली तुलना पटत नाही. मॉलमध्ये आसपासचे लोक येतात आणि तासाभरात परततात. डिस्नेलँडला अनेक राज्यांतून लोक विमानाने येतात, हॉटेलांत राहतात, दिवसभर एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहतात आणि मग आपापल्या गावी परत जातात. टेक्सासहून येऊ पाहणारे हे कुटुंबच त्याचे उदाहरण आहे.

शिवाय उघडलेले पार्क उघडे राहीलच, याचीही खात्री नसते. हाँगकाँगचे डिस्नेलँड १८ जूनला उघडले आणि १५ जुलैला पुन्हा बंद झाले. पुढे सप्टेंबरअखेर ते परत सुरू झाले. म्हणून उद्या तारीख जाहीर झाली तरी पहिल्याच आठवड्याचे आरक्षण करू नये असे मला वाटते.

उत्तर: पावती_जपून, २७ ऑक्टोबर २०२०

धोरणाची चर्चा चालू राहू द्या. मी पैशांपुरते लिहितो, कारण ताईंचे पैसे अजून अडकलेले आहेत.

विमानाच्या बाबतीत मुख्य नियम असा आहे, की कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केले किंवा वेळापत्रकात मोठा बदल केला आणि तुम्हाला तो नको असेल, तर परतावा न मिळणाऱ्या तिकिटाचेही पैसे परत मिळायला हवेत. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने ३ एप्रिलला विमान कंपन्यांना याची लेखी आठवण करून दिली होती. तुम्ही आपणहून रद्द केले तर बहुधा पैशांऐवजी पुढील प्रवासासाठीची रक्कम तेवढी जमा होते. यामुळे घाईने रद्द करण्यात तोटा असतो. यंदा वेळापत्रके सतत बदलत आहेत, तेव्हा प्रवासाच्या काही दिवस आधीपर्यंत वाट पाहा, आलेला प्रत्येक ईमेल उघडून वाचा, आणि बदलाच्या ईमेलमधील ‘स्वीकारा’ या बटणावर विचार न करता टिचकी मारू नका. काही मोठ्या कंपन्यांनी ऑगस्टअखेर देशांतर्गत तिकिटांवरील बदलाचे शुल्क काढून टाकले आहे, पण सर्वांत स्वस्त वर्गाची तिकिटे त्यातून साधारणपणे वगळलेली आहेत. जमा रकमेची मुदत अनेकदा प्रवासाच्या नव्हे, तर मूळ तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजली जाते, हे विशेष लक्षात ठेवा. तुमचे मूळ तिकीट कधीचे आहे ते आजच पाहा.

हॉटेलचे उलट आहे. तिथे थांबण्यात लाभ नाही. विनाशुल्क रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती, ते पावतीवर पाहा आणि तिच्या आत रद्द करा. संकेतस्थळ नकार देत असेल तर थेट हॉटेलच्या व्यवस्थापकाशी बोला; पुष्कळदा हॉटेल राजी असते आणि मधला दलाल अडून बसलेला असतो. हॉटेलची संमती ईमेलवर घ्या आणि तो ईमेल संकेतस्थळाला पाठवा. यापुढे मात्र रद्द करता येणारा दर थोडा महाग पडला तरी तोच घ्या, आणि शक्यतो हॉटेलकडूनच.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अर्धी_बॅग, ३१ ऑक्टोबर २०२०

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे वाचून आम्ही दोघांनी बसून ठरवले, की डिसेंबर रद्द आणि मार्चचेही काही आरक्षण करायचे नाही. पॅरिसचे डिस्नेलँड परवा पुन्हा बंद झाल्याचे वाचल्यावर उरलीसुरली शंकाही फिटली. फ्लोरिडाचा मोह झाला होता, पण धाकट्याला मास्क लावून घरातच बसवून पाहिले. वीस मिनिटांत त्याने तो सोफ्याखाली टाकला.

हॉटेलच्या व्यवस्थापकांशी काल बोलले. त्यांनी पाच मिनिटांत होकार दिला आणि तसा ईमेलही पाठवला. संकेतस्थळाचे उत्तर अजून यायचे आहे. विमानाचे तिकीट तसेच ठेवले आहे. त्याची परतीची वेळ कालच चार तासांनी बदलल्याचा ईमेल आला, तो मी स्वीकारलेला नाही. पावती_जपून, चार तासांचा बदल ‘मोठा’ धरला जातो का, की तेही प्रत्येक कंपनी आपापले ठरवते? सोमवारी फोन करण्यापूर्वी एवढे कळले तर बरे होईल.

उत्तर: पावती_जपून, ३१ ऑक्टोबर २०२०

‘मोठा’ म्हणजे नेमके किती तास, हे वाहतूक विभागाने आतापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२० पर्यंत, आकड्यात सांगितलेले नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते. तुमच्या कंपनीच्या वाहतूक कराराच्या अटी संकेतस्थळावर असतील. त्यांतील वेळापत्रक बदलाचे कलम शोधून समोर ठेवा आणि मगच फोन करा. फोनवर रक्कम जमा करून देऊ असे म्हणतील, तेव्हा ‘मला मूळ कार्डावर परतावा हवा आहे’ एवढेच म्हणा. नाही म्हणाले तर बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून घ्या, आणि वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्यासाठी काही शुल्क पडत नाही.