मदत हवी आहे: नागपुरात निवांत गप्पा मारायला जागा

मंडळी, आमचा सहा-सात जणांचा जुना ग्रुप डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी भेटतोय. रोज फोनवर गप्पा चालतात, पण समोरासमोर बसायला जागा सापडत नाहीये. संध्याकाळी पाच ते आठ, एवढा वेळ पुरे.

मुख्य अडचण आवाजाची आहे. एक मैत्रीण कानाला यंत्र लावते. गोंगाट असला की तिला बाजूच्याचं बोलणंही नीट कळत नाही, मग ती नुसती हसून मान हलवते. ते मला यंदा अजिबात नकोय. दुसऱ्याचा गुडघा दुखतो, म्हणून जिने नकोत.

फुटाळ्याला जाऊन आलो. तलाव छानच, पण रविवारी तिथली गर्दी आणि गाड्यांचे हॉर्न! धरमपेठेतल्या एका कॅफेत गाणी मोठ्याने लावतात आणि खाणं संपलं की बिल आणून ठेवतात. बाग सुचवू नका, अंधार पडला की थंडी बोचते. कुणाच्या घरीही जमणार नाही.

एक जण प्रजापती नगरकडून येणार, दुसरा हिंगणा रोडवरून, म्हणून मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन सोयीची. सगळे शाकाहारी, चहा-नाश्ता मिळाला तरी भागेल. थोडं भाडं द्यायलाही तयार आहोत.

झाशी राणी चौक ते सुभाष नगर या स्टेशनांच्या आसपास तळमजल्यावरची, गाणी न लावणारी, तीन तास बसू देणारी जागा कुणाला माहीत आहे का? आणि रविवारी तिथे आधी टेबल राखून ठेवतात का?