सुरीचं माप: मूठ आणि पातं एकमेकांना शोभत नाहीत, कुठे चुकतंय?

यावलकर
राम राम मंडळी. घरगुती सुरी बनवतोय. ट्रकच्या कमानीचा पाटा ठोकून पातं काढलंय. पातं 15 सेमी, मूठ 12 सेमी. टाचेपाशी, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाशी, पात्याची उंची 28 मिमी, मुठीचीही 28. पोलाद 4 मिमी, दोन्ही बाजूंची लाकडं 10-10 मिमी. धार चांगली बसली, पण वस्तू ठोकळा दिसते. सुवर्ण गुणोत्तर वापरा असं सगळे सांगतात, पण 12 ला 1.618 ने गुणलं की पातं 19.4 सेमी होतं. तेवढं लांब नकोय. काय करावं?

सातपुडा भट्टी
भाऊ, लांबीला हात लावू नका. मुठीची लांबी तळहात ठरवतो: चार बोटांची रुंदी अधिक दोन-अडीच सेमी, म्हणजे 11 ते 12. पात्याची लांबी काम ठरवतं. कांद्याची पात आणि भरताची वांगी चिरायला 15 सेमी पुरे. या दोन्ही मापांत गुणोत्तराला जागाच नाही.

खोट उंचीत आहे. 28 ला 28 लागून आले की पातं कुठे संपलं आणि मूठ कुठे सुरू झाली हे डोळ्याला कळत नाही. शिवाय पातं मुठीच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे चिरताना बोटांची पेरं पाटावर आपटत असणार. मूठ मानेपाशी 20, मधे 23, शेवटी 25 मिमी करा. 23 गुणिले 1.618 म्हणजे 37, तेवढी उंची पात्याला टाचेपाशी द्या. पाठीची रेघ सरळ ठेवली तर बोटांखाली 17 मिमी जागा सुटते. बोटं जाड असतील तर पातं 40 करा, दिसायला काही बिघडत नाही.

मुठीचा फुगीर भाग मधोमध नको. 120 मिमीची मूठ असेल तर पुढून साधारण 74 वर घ्या. रिबिटी दोनच पुरतात: पुढची पुढच्या कडेपासून 18 मिमी वर, मागची मागच्या कडेपासून 25 वर. 10 च्या आत गेलात तर लाकूड तडकतं.

आता पाठ. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकच रेघ धावली पाहिजे. बांबूची पातळ कामटी वाकवून कागदावर धरा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. हाताने काढलेल्या वळणात मानेपाशी हमखास खळगा पडतो, कामटीत पडत नाही. मग पुठ्ठा कापून काळा रंगवा, मोबाइलवर फोटो घ्या आणि तो आरशासारखा उलटा करून बघा. सरळ फोटोत लपलेला बाक उलट्यात लगेच दिसतो.

धुळे_घासकाम
वरचं बरोबर, पण 1.618 चा फार बाऊ करू नका. 8 ला 5 धरलं तरी झालं. 1.5 ते 1.7 च्या दरम्यानचा फरक तयार सुरीत कुणाला दिसत नाही. दिसते ती जाडी. घरगुती सुरीला 4 मिमी पाठ म्हणजे कोयताच! मुठीजवळ 3 मिमी, टोकाच्या इंचभर मागे 1.2 पर्यंत उतरवा. हा उतार ठोकतानाच काढा, सगळा घासून काढायचा म्हटलं तर घासायचे पट्टे संपतात.

आणखी एक. पुठ्ठ्यावर 37 काढलंत म्हणून पातं 37 राहत नाही. घासकाम आणि धार यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर जातो, तेवढं वाढवून आखा. पाणी देण्याआधी, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, धारेची कड 0.5 ते 0.8 मिमी जाड ठेवा. त्याहून पातळ केली की तेलात बुडवताना लाटेसारखी वाकते, कधी चिरतेही.

यावलकर
उंचीचं पटलं. आता तोल: सध्या तो मुठीत 3 सेमी मागे येतो. टँगला, म्हणजे मुठीच्या लाकडांमधल्या पोलादाच्या पट्टीला, भोकं पाडून तोल पुढे आणू का? लाकूड अंजनाचं आहे, धाब्याचं जुनं घर उतरवलं त्यातल्या कडीचं.

तापीकाठ
दादा, भोकांनी फारसं काही होत नाही. 3 मिमी पोलादातलं 6 मिमीचं एक भोक म्हणजे पाऊण ग्रॅमही नाही. सहा पाडलीत तरी चारच ग्रॅम उतरतात. त्याऐवजी टँग मागे निमुळती करा: पुढे 3, शेवटी 1.5 मिमी. 120 बाय 21 च्या टँगमधून 15 ग्रॅम जातात, तेही मागूनच जास्त. निमुळती टँग मागून बघायलाही देखणी दिसते.

अंजन जड, पाण्यात बुडतं. सागाच्या तुलनेत याच मापाच्या मुठीत 18-20 ग्रॅम जास्त भरतील. म्हणून लाकडं 10 ऐवजी 8 मिमी घ्या. 8, 3, 8 मिळून 19 जाडी आणि 23 उंची, असा लंबगोल हातात फिरत नाही. तोलाचा बिंदू मुठीच्या पुढच्या कडेवर किंवा किंचित पुढे आला की थांबा.

आपल्याकडची हवाही धरा. श्रावणात घासून सपाट केलेलं लाकूड मे महिन्यात आकसतं, टँगची कड वर येऊन तळहाताला टोचते. जुनी कडी असली तरी फळ्या कापून दोन-तीन महिने घरात ठेवा, मगच चिकटवा. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळू द्या. आणि तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आतून तापून आपोआप पेटतं. उघडं पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.