बेसबॉल: फटक्याआधीचे पाऊल किती आणि कधी टाकावे?

कोपरा: माझा मुलगा न्यू जर्सीत बारा वर्षांखालील संघातून खेळतो. पिचरने चेंडू टाकताच तो डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलून लांब पाऊल टाकतो. वेगवान चेंडू त्याला नीट लागतो, मात्र चेंज-अप (वेगवान भासवून टाकलेला संथ चेंडू) आला की शरीर पुढे झुकते आणि बॅट आधीच फिरून जाते. प्रशिक्षक पाय उचलूच नको म्हणतात. हे योग्य आहे का?

मध्यरेषा: दोष पाय उचलण्यात नसून, पावलासोबत हातही पुढे जाण्यात असावा. पुढच्या पायाचा चवडा टेकेल तेव्हा हात मागच्या खांद्याजवळच आणि डोके दोन्ही पायांच्या मध्ये हवे. त्यानंतर टाच टेकते, कंबर वळते आणि मग हात येतात. चवडा टेकल्यावरही फटका न मारता थांबता येते का, हे पाहा. थांबता येत नसेल, तर वजन आधीच पुढे गेले आहे. शिवाय पाऊल पिचरच्या दिशेने पडावे. ते तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरकडे पाहताना डाव्या बाजूला, गेल्यास कंबर लवकर उघडते आणि शरीरापासून लांबचा चेंडू बॅटला लागत नाही.

जुना प्रेक्षक: जपानचे फटकेबाज सादाहारू ओ १९६२पासून एका पायावर उभे राहून फटकावू लागले आणि जपानमध्ये ८६८ होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) करून निवृत्त झाले. उलट अमेरिकेत खेळायला गेलेल्या जपानी शोहेई ओहतानीने २०१८च्या सराव सामन्यांत चाचपडल्यावर पाय उचलणे सोडून केवळ चवडा टेकवून टाच उचलणे पत्करले आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन प्रमुख लीगांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. दोन्ही रीती चालतात, पण ओ यांची रीत अफाट तोल मागते. मुलांनी तिची नक्कल करावी, असे मला तरी वाटत नाही.

कोपरा: तो सुट्टीत गल्लीत क्रिकेटही खेळतो. त्याचा परिणाम असेल का?

मध्यरेषा: शक्य आहे. क्रिकेटमध्ये टप्प्याजवळ पोहोचण्यासाठी पुढे झेपावतात. येथे चेंडूला टप्पाच नसल्याने झेपावून काही मिळत नाही. त्याच्या वयोगटात पिचर अनेकदा ४६ फुटांवर, म्हणजे साधारण १४ मीटरवर असल्यामुळे उंच पाय खाली आणायला वेळही कमी असतो. पिचर स्वतःचा पाय उचलतो तेव्हाच त्यानेही उचलावा. काही आठवडे पाय फाकवून, पाऊल न टाकता टी-वरचा (उभ्या दांड्यावर ठेवलेला) चेंडू मारू द्या. मग समोरून कधी जलद, कधी संथ चेंडू टाका आणि छोटे पाऊल परत आणा.