ब्राउन शुगरऐवजी पिठीसाखर घातली आणि कुकीजना चक्क साबणाची चव आली!

पीठाळलेली:
मंडळी, आधी कबुली देते. कृतीत अगदी स्वच्छ लिहिलं होतं, ‘ब्राउन शुगर, १ कप, दाबून भरलेली’. घरात ब्राउन शुगरचा डबाही होता, पण आत साखर नव्हती, वीट होती. सुरीचं टोक वाकलं, वीट जशीच्या तशी. बटर तोवर बाहेर काढून मऊ झालेलं, भाची शेजारी उभी राहून दर दोन मिनिटांनी ‘झालं का’ विचारतेय. मग साधी साखर मिक्सरमधून काढली, तिची बारीक पिठीसाखर झाली, तीच १ कप घातली. म्हटलं, गोडाला गोड.

बाकी सगळं कृतीप्रमाणे: ११५ ग्रॅम बटर, १ अंडं, १८० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, चॉकलेटचे तुकडे. १७५ अंशांवर १२ मिनिटं.

कुकीज पसरल्याच नाहीत. लाडू ठेवले होते, लाडूच बाहेर आले. रंग पिवळट, आत कोरड्या भुसभुशीत, आणि खाल्ल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला साबण चाटल्यासारखी चव. भाचीने एक घास घेतला आणि फार सभ्यपणे ‘मला भूक नाही’ म्हणाली. ती सात वर्षांची आहे, तिला भूक नाही असं कधी होत नाही.

ट्रे आणि वाडगा घासताना साबण राहिला असेल म्हणून दोन्ही परत धुतले. तो नव्हता. मग नक्की काय चुकलं? एका साखरेच्या जागी दुसरी घातली तर इतका फरक पडतो?

सगळंचालतं:
साखर ती साखर. मी हाताला लागेल ती घालतो, आजवर काही बिघडलं नाही. ओव्हनचं तापमान तपासा. पिवळट आणि न पसरलेल्या म्हणजे ओव्हन नीट तापलेला नव्हता.

जळकी_कड:
सगळंचालतं, तुम्ही बहुतेक साध्या साखरेच्या जागी बारीक दाण्याची साखर घालत असणार. तिथे खरंच चालतं, दोन्हींचं एका कपाचं वजन साधारण २०० ग्रॅमच्या आसपासच असतं. इथली गोष्ट वेगळी आहे.

पीठाळलेली, ट्रे निर्दोष आहे. तुमच्या कुकीजमध्ये खरोखरच धुण्याचा सोडा होता. थट्टा करत नाही. खायचा सोडा तापला की त्यातून वायू निघून जातो आणि मागे जो उरतो तो धुण्याचा सोडा. सोड्याला आंबट काही भेटलं तर तो त्याच्याशी लढून संपतो आणि ही चव राहत नाही. ब्राउन शुगर म्हणजे पांढरी साखर अधिक मोलॅसिस, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळपट दाट पाक. फिक्या ब्राउन शुगरमध्ये साधारण साडेतीन टक्के, गडदमध्ये साडेसहा टक्के. हे मोलॅसिस किंचित आम्लधर्मी असतं. कृती लिहिणाऱ्याने अर्धा चमचा सोडा त्याच्याच भरवशावर घातला होता. तुम्ही आंबट काढून घेतलंत, सोडा तेवढाच ठेवलात. पिवळट रंगही त्याचाच, मैद्यातली काही रंगद्रव्यं सोड्याच्या संगतीत पिवळी पडतात. ओव्हनवर आळ नको.

आता पसरण्याचं. तुम्ही १ कप मोजलात, पण कप कसला? दाबून भरलेली ब्राउन शुगर कपात २१५ ग्रॅमच्या आसपास बसते. पिठीसाखर हलकी, कपात हवाच जास्त, तिचे होतात ११५ ते १२०. म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम साखर तुम्ही घातलीच नाही. साखर ओव्हनमध्ये विरघळून तिचा पाक होतो आणि तो पाकच कुकीला बसकण मारायला लावतो. पाक निम्मा, तर लाडू लाडूच राहणार. शिवाय साखर पाणी स्वतःकडे ओढून धरते, मैद्याला सगळं पिऊ देत नाही. ती कमी पडली की मैदा हावऱ्यासारखं पाणी पितो, म्हणून कोरडेपणा.

आणि बटर-साखर आपण फेटतो ते काही नुसतं मिसळायला नाही. साखरेचे टोकदार कण बटरमध्ये घुसतात आणि हवेचे बारीक कप्पे करतात. पिठीला टोकंच नाहीत. तुम्ही अर्धा तास फेटलंत तरी ते मऊ होईल, पण फुलणार नाही.

हे सगळं इतक्या ठामपणे सांगतेय कारण यातली प्रत्येक चूक माझी करून झाली आहे, काही तर पाहुण्यांना वाढून. एक बाई तर कृती मागून घेऊन गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

पीठाळलेली:
धुण्याचा सोडा!! मी ते नऊ नग खाल्लेत. टाकवेनात म्हणून.

वजनकाटा होता, पण कृतीत कप लिहिलेत तर काटा कशाला काढा, असं वाटलं. आता मिक्सरमधली उरलेली पिठी मोजली: कप काठोकाठ भरला, ११८ ग्रॅम. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात डोकावून गेलात का?

मग साधी पांढरी साखर वजनाने २०० ग्रॅम घातली तर जमेल का? मोलॅसिस माझ्याकडे नाही.

जळकी_कड:
जमेल, पण वेगळी कुकी होईल हे मनाशी धरून करा. नुसत्या पांढऱ्या साखरेची कुकी जास्त पसरते, पातळ आणि कुरकुरीत होते. ब्राउनची जाडसर, मध्ये चिवट-मऊ, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ, कारण मोलॅसिस ओलावा सोडत नाही. वाईट कुठलीच नाही. तुम्हाला कुठली हवी ते आधी ठरवा.

पांढरी घालणार असाल तर सोडा काढा आणि त्याच्या तिप्पट बेकिंग पावडर घाला, म्हणजे दीड चमचा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच असतं, ती स्वतःचं भांडण स्वतःच मिटवते. मऊ हव्या असतील तर १८० ग्रॅम पांढरी साखर आणि एक मोठा चमचा मध. मध आम्लधर्मीही आहे आणि ओलावाही धरतो. मग पाव चमचा सोडा आणि पाऊण चमचा बेकिंग पावडर असं वाटून घाला. मोलॅसिस कधी मिळालंच तर २०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा चोळून घेतलं की फिकी ब्राउन शुगर तयार, दोन मोठे चमचे घातले तर गडद.

आणि ती वीट टाकू नका. डब्यात ब्रेडचा एक स्लाइस ठेवून झाकण घट्ट लावा. एका रात्रीत स्लाइस कडक होईल आणि वीट सुटेल.

मधमाशीचा_मित्र:
मधाचा विषय निघालाच आहे तर. मी आठशे ग्रॅमच्या केकमध्ये सगळ्या साखरेच्या जागी तेवढाच मध घातला होता. बाहेरून कोळसा, मधून सुरी घातली तर खीर. कुणी सांगेल का काय झालं?

जळकी_कड:
दोन गोष्टी झाल्या. मधात १७-१८ टक्के पाणी असतं, ते तुम्ही हिशेबात धरलं नाही. आणि मधातली साखर, फ्रुक्टोज-ग्लुकोज, साध्या साखरेपेक्षा कमी तापमानाला लाल होते. कडा करपल्या तेव्हा पोट अजून पाण्यातच होतं. १ कप साखरेच्या जागी पाऊण कप मध, बाकीच्या द्रवातून ३-४ मोठे चमचे कमी, ओव्हन १५ अंशांनी खाली, आणि कृतीत सोडा नसेल तर दोन चिमटी सोडा. तरीही पहिल्यांदा अर्धीच साखर बदला. मधाची चव सगळ्यांवर दादागिरी करते.

तोळामासा:
सासूबाईंना साखर बंद आहे. केकमध्ये स्टेव्हिया (गोड पानांपासून काढलेला साखरेचा पर्याय) घातला तर? गोडी तेवढीच ठेवायची.

जळकी_कड:
गोडी राहील, केक राहणार नाही. शुद्ध स्टेव्हिया साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. म्हणजे २०० ग्रॅम साखरेच्या गोडीला जेमतेम १ ग्रॅम लागतो. उरलेले १९९ ग्रॅम कुठून आणणार? तेच तर केकचं अंग होतं, हवा धरणारं, ओलावा धरणारं, अंडं आणि मैदा घाईने घट्ट होऊ न देणारं. एरिथ्रिटॉल हा साखरेचा दुसरा दाणेदार पर्याय, त्याला वजन आहे, पण गोडी साखरेच्या ६०-७० टक्केच, रंग चढत नाही, आणि थंड झाल्यावर परत दाणे धरतो. जिभेला गारवा लागतो, पुदिन्याची गोळी खाल्ल्यासारखा. पुदिना नको असलेल्या केकमध्ये ते विचित्र वाटतं. किती आणि काय चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यात मी पडत नाही. बेकिंगपुरतं सांगायचं तर गोडी ज्यात पिकलेल्या केळ्यातून येते असा ओलसर केक करा आणि साखर फक्त एक चतुर्थांश कमी करून पाहा. त्याच्या खाली गेलात की रबर.

सगळंचालतं:
माघार घेतो. मागे मेरँगमध्ये (अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजतात ते) जाड साखर घातली होती, तेव्हा वरून पाकाचे थेंब पाझरत होते. तेही हेच का?

जळकी_कड:
तेच. दाणे विरघळले नव्हते. एका अंड्याच्या पांढऱ्याला ५०-६० ग्रॅम बारीक साखर, चमचा-चमचा करत. मग दोन बोटांत चोळून बघा, कचकच लागली तर अजून फेटा. आणि तिथे ब्राउन शुगर नको, ती कोरडी होऊ देत नाही.

पीठाळलेली:
परवा केल्या. १८० ग्रॅम पांढरी, एक चमचा मध, सोडा-बेकिंग पावडर वाटून, सगळं काट्यावर. पसरल्या! कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. पहिल्या ट्रेतल्या दोन एकमेकींना चिकटल्या कारण लाडू जवळजवळ ठेवले होते, पण त्यावर कुणी तक्रार केली नाही, उलट भाचीने ती जोडकुकी ‘एकच आहे’ म्हणून पळवली. साबण नाही. दुसऱ्या दिवशी मऊ राहिल्या का ते सांगता येणार नाही, उरल्याच नाहीत.

वीट सुटली आहे. ब्रेडचा स्लाइस मात्र आता वीट झालाय.