लिनक्सवर पाम हँडहेल्ड यूएसबीने सिंक करण्याबाबत

प्रश्न:
माझ्याकडे पाम ओएसचा जुना हँडहेल्ड (हातात मावणारा छोटा संगणक) असून त्यात वडिलांनी जपलेले पत्ते आणि टिपणे आहेत. क्रेडल (हँडहेल्ड ठेवायचा स्टँड) यूएसबीला जोडूनही लिनक्समध्ये टीटीवाययूएसबी पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलण्याची जोडणी, दिसत नाही. केबल खराब झाली असे समजावे का?

उत्तर:
केबलला इतक्यात दोष देऊ नका. हा हँडहेल्ड नुसता जोडल्याने कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसत नाही. क्रेडलवरचे हॉटसिंकचे (सिंक सुरू करण्याचे) बटण दाबल्यावरच तो यूएसबीवर येतो आणि सिंक संपताच पुन्हा नाहीसा होतो. बटण दाबून लगेच डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) पाहा. व्हायझर मॉड्यूल (कर्नलमधला पामसाठीचा ड्रायव्हर) लोड झाले, तर सहसा टीटीवाययूएसबी ० आणि १ असे दोन पोर्ट तयार होतात आणि बहुतेक मॉडेलांत सिंक १ वरून होते.

दुसरे उत्तर:
पायलट-लिंक या पामशी सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरची ०.१२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असल्यास लिबयूएसबीचा, म्हणजे कर्नलच्या ड्रायव्हरशिवाय थेट यूएसबी वापरणाऱ्या लायब्ररीचा, मार्ग अधिक भरवशाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी व्हायझर मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करावे (आपोआप लोड होऊ देऊ नये), कारण त्याने उपकरण आधीच ताब्यात घेतले तर लिबयूएसबीची अडचण होते. मग पायलट-लिंकमधल्या पायलट-एक्सफर या कमांडला पोर्ट म्हणून ‘यूएसबी:’ आणि बॅकअपसाठी फोल्डर द्यावे, आणि कमांड वाट पाहू लागली की बटण दाबावे. केवळ रूटलाच (मुख्य प्रशासक खात्यालाच) सिंक जमत असेल, तर यूडेव्ह या उपकरणे हाताळणाऱ्या व्यवस्थेच्या नियमाने तुमच्या खात्याला परवानगी द्यावी. हे सगळे करण्याआधी हँडहेल्डची बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करा. जुन्या मॉडेलांत सगळा डेटा रॅममध्येच असतो आणि बॅटरी पार उतरली की तो पुसला जातो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये ‘ॲड्रेसडीबी’ ही फाइल आली असून वडिलांचे सर्व पत्ते तीत आहेत.